सेंट्रल किचनची खिचडी: भांड्यात झकास, शाळेत पोचेपर्यंत?

कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यातल्या शाळांना जेवण पोचवणारं हे एका धर्मादाय संस्थेचं सेंट्रल किचन. नाव मुद्दाम देत नाही. खालचे बहुतेक मुद्दे अशा कुठल्याही किचनला लागू आहेत. स्वयंपाकाला साडेचार तारे, वाहतुकीला अडीच.

आधी माप. पहिली ते पाचवीच्या मुलामागं 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. म्हणजे प्राथमिकच्या 1000 मुलांना 100 किलो तांदळामागं 20 किलो डाळ पडायलाच हवी. इथं ती काट्यावर मोजून पडते. भाजीचं वजन मात्र चिरण्याआधीचं धरतात. कोबीचा देठ, दुधीची साल गेली की 50 किलोचे 50 उरत नाहीत.

भात थेट वाफेवर शिजतो. वाफेचं पाणी होऊन भांड्यातच उतरतं, त्यामुळं चुलीच्या हिशेबानं पाणी घातलं तर भाताची पेज होते. इथल्या आचाऱ्यांचा हात त्यात बसलाय. पहाटे पहिली वाफ सोडायच्या आधी पाइपात साठलेलं पाणी काढून टाकतात, हेही उत्तम. नाहीतर गंजाचं तांबूस पाणी पहिल्या भांड्यात येतं. बॉयलरच्या पाण्यातलं रसायन खाद्य दर्जाचं असल्याचा दाखला तेवढा समोर लावलेला नाही. ही वाफ थेट अन्नात जाते, तेव्हा तो लावावा.

पोषक तत्त्वं मिसळलेल्या तांदळात 100 किलोला 1 किलो खास दाणे असतात: लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातलेले. ते पाण्यावर तरंगतात, रंगानं थोडे वेगळे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकले जातात. भरपूर पाण्यात खळखळून धुतलं तरी तेच आधी वाहून जातात. इथं धुताना खाली चाळणी धरतात.

थर्मामीटरची तपासणी बर्फाच्या पाण्यात 0 अंशावर होते, ती बरोबर. उकळत्या पाण्यात तपासायचं तर कोल्हापूरच्या उंचीवर आकडा 98 च्या आसपास येतो. 100 दिसले तर थर्मामीटरच चुकतोय.

खरी गोम झाकण लागल्यानंतर सुरू होते. वाढताना अन्न 65 अंशांवर असावं. गाडीच्या फेरीत शाळा जास्त असल्या की शेवटच्या शाळेचा कॅन तासन्‌तास बंद राहतो. शिवाय दर थांब्यावर मागचं दार उघडं. भात कोमट राहिला की त्यात शिजूनही टिकलेले जिवाणूंचे बीजाणू वाढायला लागतात, आणि एकदा विष तयार झालं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. किचन निघतानाचं तापमान लिहितं, शाळेत उतरतानाचं नाही. नेमका हाच आकडा हवा. खिचडी वाटेत आळते, म्हणून ती सैल भरावी लागते. इथं ती घट्टच भरतात आणि शाळेत वाढताना तिचे गोळे निघतात.

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून भट्टी मध्यरात्रीनंतर लगेच पेटते. चुका त्याच दिवशी जास्त: मीठ दोनदा, फोडणी कच्ची. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की बावडा-शिये आणि केर्लीकडचे रस्ते केव्हाही बंद होऊ शकतात. पर्यायी मार्गांचा तक्ता भिंतीवर आहे, पण तो 43 फुटांना, म्हणजे धोका पातळीला, अमलात येतो. तोवर गाडी पाण्याच्या कडेला उभी.

चवीबद्दल दुमत नाही. आमटीत कांदा-लसूण मसाला बेताचा असतो, त्यामुळं ताटं रिकामी परत येतात. पूर्वी मिळमिळीत डाळ थेट खरकट्यात जायची.

शाळांनी दोन गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी चव घ्यावी आणि वाटीभर नमुना झाकून 24 तास फ्रिजमध्ये ठेवावा. आणि सकाळी आलेल्या कॅनच्या झाकणाचं रबर उचलून खालून बोट फिरवावं. परवाची डाळ तिथंच सापडते.