दहावीचं वर्ष: गणपतीला गावी, दिवाळीत सहल, की सगळं परीक्षेनंतर?

शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेत आणि आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दहावीचं मूल असलेल्या तिन्ही घरांत एकच चर्चा आहे. पहिल्या घरी ‘यंदा वर्षभर कुठेही नाही’ असं जाहीर झालंय. दुसऱ्या घरी दिवाळीतल्या केरळच्या सहलीचे आगाऊ पैसे भरून झालेत आणि आता रद्द करावी का, अशी घालमेल चालू आहे. तिसरं घर आमचं. माझी लेक 2023 मध्ये दहावी झाली, आता मुलगा 2027 ची परीक्षा देणार. लेकीच्या वेळी आम्ही सुट्ट्यांच्या बाबतीत दोन चुका केल्या. त्या पुन्हा व्हायला नकोत म्हणून या वेळी कालनिर्णय समोर घेऊन बसले. जे हाती लागलं ते अशाच विचारात असलेल्या आईबाबांसाठी लिहिते आहे.

आधी दिवस मोजा

राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा आधी मार्चमध्ये सुरू व्हायची. 2023 मध्ये 2 मार्चला, 2024 मध्ये 1 मार्चला. 2025 पासून ती अलीकडे आली: त्या वर्षी 21 फेब्रुवारी, 2026 मध्ये 20 फेब्रुवारी. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. 2027 चं अंतिम वेळापत्रक मंडळाकडून येईल तेव्हा येईल, पण हिशेब करताना मी 20 फेब्रुवारी धरलाय.

दुसरी गोष्ट, यंदा अधिक ज्येष्ठ आला. त्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. गणपती 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. लेकीच्या वर्षी भाऊबीज 26 ऑक्टोबरला होती आणि पहिला पेपर 2 मार्चला, म्हणजे मधे 127 दिवस. मुलाच्या वर्षी भाऊबीज 11 नोव्हेंबरला. तिथून 20 फेब्रुवारीपर्यंत उरतात 101 दिवस. पूर्ण सव्वीस दिवस कमी! आणि या 101 दिवसांतच शाळेची पूर्वपरीक्षा, सराव पेपर, राहिलेला अभ्यासक्रम आणि तोंडी परीक्षा आल्या. ‘दिवाळीनंतर लागू अभ्यासाला’ हे वाक्य यंदा महागात पडेल. उलट गणपतीपासून मोजले तर जवळजवळ 160 दिवस हातात असतात.

या दोन आकड्यांवरच माझा अर्धा निर्णय झाला.

गणपतीला गावी

आमचं गाव गुहागर तालुक्यात. चाकरमान्याला गणपतीला गावी न जाणं किती जड जातं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लेकीच्या दहावीला आम्ही काय केलं, तर नवरा आणि धाकटा गावी गेले, मी आणि लेक इथे राहिलो. अभ्यास बुडू नये म्हणून. पहिल्या संध्याकाळी गावाहून व्हिडिओ कॉल आला. समोर आरती चाललेली, माझे दीर झांज वाजवतायत, धाकटा घंटा घेऊन पुढे. लेक पाच मिनिटं बघत होती. मग फोन माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या तीन दिवसांत तिने किती अभ्यास केला म्हणता? टेबलावर उघडलेलं बीजगणिताचं पान तिसऱ्या दिवशीही तेच होतं. मन गावी आणि शरीर इथे, अशा मुलाकडून अभ्यास होत नाही. घराचे दोन भाग करायचा पर्याय मी तेव्हापासून बादच केलाय. घरात कोणाचं आजारपण असेल तर गोष्ट वेगळी.

याच्या उलट उदाहरण माझ्या जावेच्या मुलाचं. तो 2025 च्या परीक्षेला बसला. आदल्या सप्टेंबरात गणपतीला सगळ्यांबरोबर गावी आला, फक्त दीड दिवसासाठी. पहाटे साडेपाचला सगळं घर झोपलेलं असताना तो पडवीत बसायचा. हातात पुस्तक नाही, फक्त एक पाठकोरा कागद. आठवेल तेवढं धडाधडा लिहायचा, मग आत जाऊन वही उघडून काय राहिलं ते लाल पेनाने भरायचा. साडेसातला कागद घडी करून खिशात, आणि मग हा फुलं-दूर्वा काढायला मोकळा. दुपारी मोदकांना कळ्या पाडत बसलेल्या काकूने विचारलं, ‘अरे, काय ते इतिहासलेखन का काय म्हणतोस, मला तरी सांग.’ त्याने सांगितलं. अडखळला तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे तेच आधी लिहून काढलं.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने निसटतं, आणि मधे मधे उजळणी केली तर टिकतं. तो पोरगा नेमकं हेच करत होता. अशा उजळणीला टेबल-खुर्ची लागत नाही, दीड-दोन तास आणि एक कागद पुरतो. सप्टेंबरात निम्मा अभ्यासक्रम झालेला असतो, त्यामुळे उजळणीला पुरेसं काही हातात असतं आणि ताण अजून चढलेला नसतो.

यंदाची तारीखही सोयीची आहे. चतुर्थी सोमवारी. शुक्रवारी 11 तारखेला रात्री निघालं तर शनिवार-रविवार गावी मिळतात, मंगळवारी दीड दिवसाचं विसर्जन करून रात्री परत. शाळेचे जेमतेम दोन दिवस बुडतील, तेही सुट्टीच असेल तर नाहीच. गौरी-गणपती करून यायचं म्हटलं तर मात्र आठवडा जातो. शेजारच्या घरातल्या गौरींना थांबायचा मोह आवरायला लागेल.

यातला खरा धोका प्रवासाचा आहे. एका वर्षी मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या अलीकडे आम्ही तीन तास एका जागी उभे होतो. पोचेपर्यंत मुलं आंबून गेली आणि पुढचा दिवस झोपेत गेला. रेल्वे मिळाली तर पनवेलहून चिपळूण चारेक तासांचं काम. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं (पूर्वी 120 होतं, जुनी सवय असेल तर लक्षात ठेवा). म्हणजे 11 सप्टेंबरच्या गाडीचं 13 जुलैला सकाळी 8 वाजता. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, तेव्हा प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरून ठेवा. रेल्वे नाही मिळाली तर एसटीच्या जादा गाड्या असतात.

दिवाळीत सहल

ही आमची दुसरी चूक. त्याच वर्षी, गणपतीला लेकीला घरी ठेवल्याची रुखरुख होती म्हणून आम्ही दिवाळीत राजस्थानची सात दिवसांची सहल घेतली. उदयपूर, जोधपूर, जैसलमेर. ‘बसमध्ये वेळच वेळ असतो, तेव्हा वाचेल’ असं आम्हीच ठरवलं आणि तिच्या सॅकमध्ये चार पुस्तकं भरली. जोधपूरहून जैसलमेरला जाताना तिने खरंच भूमितीची वही काढली. गुडघ्यावर वही, त्यावर पट्टी, आणि वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना. बस हलली की पेन्सिल घसरायची. तिसऱ्यांदा खोडल्यावर कागद फाटला आणि वही सॅकमध्ये गेली ती डोंबिवलीतच बाहेर आली.

सहल वाईट होती असं मी म्हणणार नाही. जैसलमेरचा किल्ला पाहून तिचे डोळे मोठे झालेले मला आठवतात. पण आयोजित सहलीत सकाळी साडेसहाला नाश्ता, आठला बस, रात्री दहाला जेवण. त्यात पहाटेचे दोन तास कुठून काढणार? शिवाय ती घसा धरून, खोकत परत आली. सात दिवस सहलीचे, चार आजारपणाचे, आणि पुन्हा टेबलावर बसायची सवय लागेपर्यंत आणखी तीन-चार. सुट्टी किती दिवसांची यापेक्षा अभ्यासाची लय परत यायला किती दिवस लागतील हे बघायला हवं होतं, ते आम्ही बघितलं नाही. तिच्याकडे 127 दिवस होते म्हणून निभावलं. 101 दिवसांतून पंधरा काढायची माझी तयारी नाही.

म्हणून दुसऱ्या घरच्या ताईंना मी सांगितलं, केरळ रद्द केल्यावर किती पैसे कापतात ते आजच विचारा आणि जमलं तर तारीख एप्रिलवर ढकला. दिवाळीला मूल घरीच असावं, पण सण पुरता व्हावा. अभ्यंगस्नान, फराळ, किल्ला, लक्ष्मीपूजन, भाऊबीजेला मामाकडे एक अख्खा दिवस. पहिल्या आंघोळीच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही असा आमच्याकडे नियमच आहे.

नाताळची सुट्टी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. डिसेंबर-जानेवारीत बहुतेक शाळांची पूर्वपरीक्षा असते, त्या सुमारास गोवा-अलिबाग-महाबळेश्वरला गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. मुक्कामाची सहल नकोच. पूर्वपरीक्षेनंतर एका दिवसात होणारं काहीतरी करा. आमच्यासाठी ते नेरळहून माथेरान, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, भरपूर चालणं. आणि शाळेची सहल जात असेल तर मुलाला जाऊ द्या. वर्गातल्या मित्रांबरोबरचा तो शेवटचा दिवस असतो.

सगळं परीक्षेनंतर

मोठी सहल इथेच. गेल्या दोन्ही वर्षी पेपर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपले. यंदा होळी पौर्णिमाही 21-22 मार्चला येते, म्हणजे वेळापत्रक तसंच राहिलं तर परीक्षा देऊन मूल थेट शिमग्याला गावी! पालखी घरी येते तेव्हा ती खांद्यावर घेण्याइतका मुलगा मोठा झालाय, असं त्याचे काका गेल्या वर्षीच म्हणाले होते.

पण इथेही दोन अडचणी आहेत, त्या आधी कोणी सांगत नाही. धाकटं भावंड असेल तर त्याची वार्षिक परीक्षा आता एप्रिलमध्ये असते. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिल ठेवल्या होत्या. म्हणजे मोठा मोकळा आणि धाकटा अडकलेला. सगळ्यांनी एकत्र जायचं तर एप्रिलची अखेर उजाडते. दुसरी अडचण निकालानंतरची. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे ला लागला, आणि त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. नोंदणी, पसंतीक्रम, दाखले यांच्या तारखा पाठोपाठ येतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात लांब, नेटवर्क नसलेल्या ठिकाणी असू नका. मोठ्या सहलीसाठी 25 एप्रिल ते 10 मे हा पट्टा मला सर्वांत बरा वाटतो. एकच मूल असेल तर मार्चची अखेर त्याहून चांगली, कारण मे महिन्याची गर्दी तेव्हा नसते.

सीबीएसईची मुलं असलेल्यांनी हे थोडं वेगळं वाचावं. 2026 पासून त्यांची दहावीची दुसरी परीक्षा मे महिन्यात असते. तिला बसायची शक्यता असेल तर सहल एप्रिलच्या सुरुवातीलाच उरका.

बरोबर काय न्यायचं

बाहेर जाताना सगळी पुस्तकं भरू नका. दोन विषय पुरे, तेही तोंडी उजळणी होणारे: इतिहास, संस्कृतची सुभाषितं, मराठीचं व्याकरण, आवर्तसारणी. भौमितिक रचना आणि वर्गसमीकरणं घरच्या टेबलासाठी ठेवा. भूगोलाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘क्षेत्रभेट’ आहे आणि इतिहासात ‘पर्यटन आणि इतिहास’ हा आख्खा पाठ. दाभोळच्या खाडीवर फेरीबोटीत उभं राहून प्रश्नावली कशी तयार करायची हे बोललं, तर तो अभ्यास वाटतही नाही.

हे सगळं मांडल्यावर रात्री मुलालाच विचारलं. त्याने कालनिर्णय ओढून घेतलं, 11 ते 15 सप्टेंबरवर पेनाने चौकट काढली आणि म्हणाला, ‘आई, मला हे पाच दिवस द्या. दिवाळीत मी कुठे चला म्हणणार नाही. पण शिमग्याचं नक्की ना?’ मी नक्की म्हटलंय. 13 जुलैचा सकाळी पावणेआठचा गजर त्यानेच माझ्या फोनवर लावून ठेवलाय.