मुंबईला जायचंय: बेलोऱ्याहून की नागपूरहून?

नेर, नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे या पट्ट्यातल्या माणसाला मुंबईचं विमान पकडायला आता दोन ठिकाणं आहेत. नागपूर होतंच, १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं बेलोरा विमानतळही सुरू झालं. आईच्या उपचारासाठी मी दोन्हीकडून गेलोय.

सरळ रेषेत मोजलं तर मुंबई ते बेलोरा साधारण ५५० किलोमीटर, मुंबई ते नागपूर ६८० च्या आसपास. वाटतं, बेलोऱ्याहून लवकर पोचू. पण इथून एटीआर उडतं, पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. नागपूरचं जेट त्याच्या दीडपट वेगाचं. त्यामुळे हवेतला वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच, दीड ते पावणेदोन तास. पावसाळ्यात एटीआरला हादरे थोडे जास्त जाणवतात, असा माझा अनुभव. चढायचं मागच्या दारानं, आणि पंख वरच्या बाजूला असल्यानं खिडकीतून खालची वावरं स्वच्छ दिसतात. आई तेवढ्यानंच खूश होती.

खरा फरक पडतो तो जमिनीवर, आणि माझ्यापुरता तो गाडीनं पाडला. नागपूरला जायचं म्हणजे स्पेशल गाडी करायची. समृद्धीनं रस्ता झकास झाला, तरी गाडीवाला भाडं अप-डाऊनचंच घेतो, कारण परतताना त्याला सवारी मिळत नाही. टोल वेगळा. परतीला न्यायला आला की पुन्हा तेच, फक्त या वेळी तो रिकामा येतो. म्हणजे आपण जाणार एकदा, येणार एकदा, आणि पैसे मोजायचे चार फेऱ्यांचे. त्यात रात्रीचं विमान उशिरा उतरलं तर वेटिंगवरून घासाघीस. दुखणाईत माणूस मागच्या सीटवर टेकून बसलेला आणि आपण पार्किंगमध्ये पैशांवरून बोलत उभे, हे मला फार लागलं.

बेलोरा यवतमाळ-अमरावती रस्त्यावर. पुतण्या सोडून येतो आणि जेवायला घरी परत. एकटा असलो तर मोटारसायकलवरही भागतं. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही.

नागपूरची बाजू कमकुवत आहे असं मात्र नाही. तिथून मुंबईला दिवसातून कितीतरी विमानं आहेत, एक चुकलं तर दुसरं मिळतं. पुणे, दिल्ली, हैदराबादला जायचं तर नागपूरच. बेलोऱ्याची सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीनच दिवस, आणि वेळापत्रक बदलत असतं. कोर्टाची तारीख किंवा मंत्रालयातलं काम ठरलेल्या दिवशीच असेल तर मीही नागपूर धरीन.

पण दवाखान्याची तारीख बहुतेक वेळा एक-दोन दिवस मागेपुढे करून मिळते. म्हातारं माणूस सोबत असेल तर आधी बेलोऱ्याचे वार बघा आणि त्याप्रमाणे तारीख मागा, असं मला वाटतं. परतीचा वार जुळला नाही तर मुंबई-अमरावती एक्स्प्रेसचं खालचं बर्थ काढून ठेवा; रात्री बसलं की सकाळी बडनेरा, आणि तिथूनही गाव जवळच.