कराडचा रविवारचा टीईटी वर्ग : चार महिने जाऊन आलेल्या आईचा अभिप्राय

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिच्या तयारीचा हा वर्ग. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही मांडायच्या आहेत. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं, मेडिकलच्या वर दुसरा मजला. दर रविवारी दहा ते चार. फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत.

मी पस्तिशीची. २०१३ ला बी.एड. झाले, तेव्हा ते एकाच वर्षाचं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, पुढे दोन मुलं. थोरली तिसरीत आहे, धाकटा अंगणवाडीत. घरी बारा मुलांची शिकवणी घेते. २०२५ च्या जुलैत नाव घातलं तेव्हा शिक्षिका व्हायचं की नाही हेच ठरत नव्हतं. ज्या बायका अशाच अडकल्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या रविवारी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर सगळी वाट मांडली. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पण नुसत्या त्यावर नोकरी लागत नाही. भरती होते ती टेटच्या, म्हणजे अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर, पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून. आणि ती टेट तोवर तीनदाच झाली होती : २०१७, २०२३ आणि २०२५. बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची नोकरी सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद झाली, म्हणजे आम्हाला टीईटीचा पेपर दोन, सहावी ते आठवीचा. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर, सहावी ते आठवीला महिना सोळा हजार. खुल्या गटाला वयाची अट अडतीस. मी वहीच्या कोपऱ्यात अडतिसातून पस्तीस वजा केले आणि बराच वेळ त्या तीनाकडे बघत बसले. दोन मुली त्या दिवशी फी न भरता परत गेल्या. सरांनी त्यांना अडवलं नाही, उलट जिन्यापर्यंत सोडायला गेले. या एका गोष्टीसाठी मी या वर्गाला मानते.

शिकवणं विषयागणिक वेगळं. गणित उत्तम. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचं उत्तर मूल दोन पंचमांश का लिहितं, त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललेलं असतं, यावर सर पाऊण तास बोलले. दुसऱ्या दिवशी माझ्या शिकवणीतल्या पाचवीच्या मुलाने तीच चूक केली. मी पहिल्यांदाच त्याला न रागावता विचारलं, "कसं काढलंस, सांग बघू." बालमानसशास्त्र मात्र निराशा करणारं. पियाजे, वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे तक्ते, तेही पुसट झेरॉक्सवर, आणि पाठांतर. पेपरात वर्गातला प्रसंग देऊन विचारतात, तिथे तक्ता कामाला येत नाही. इंग्रजी जेमतेम.

सराव परीक्षा सहा झाल्या, खऱ्यासारख्या : ओएमआर म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, १५० प्रश्न, अडीच तास, मध्ये उठायचं नाही. पहिलीत मला ७१ पडले, शेवटच्या परीक्षेत ९८. खुल्या गटाला ९० लागतात.

मग १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरलीय त्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं बंधन आलं. पुढच्याच रविवारी पस्तीस जणांच्या खोलीत ऐंशी माणसं. पॅसेजमध्ये खुर्च्या, माइक नाही, बाथरूम एकच. आमच्याकडून दुसरा हप्ता मात्र पूर्ण घेतला. दोन बॅच करायला हव्या होत्या, हे मी तोंडावर सांगितलं. "बघतो" म्हणाले, परीक्षेपर्यंत काही झालं नाही.

पण त्याच गर्दीत माझ्या बाकावर पाटणकडच्या एक बाई आल्या. डोंगरातली दोनशिक्षकी शाळा, वीस वर्षं नोकरी. इतकी वर्षं शिकवून पुन्हा पेन धरून गोळे रंगवायचे, याचं त्यांना फार वाईट वाटायचं आणि ते त्या लपवत नव्हत्या. डबा खाताना मी त्यांना सगळं विचारलं. मुलगी सहा महिन्यांची असताना त्या रुजू झाल्या, शाळेच्या व्हरांड्यात झोळी बांधली होती. चौथीपर्यंत लेक त्यांच्याच वर्गात. "घरी आल्यावरही ती मला बाईच म्हणायची. आई म्हण गं, असं सांगायला लागायचं," हे सांगताना त्यांचा हात डब्यातच थांबला. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, हेही सांगितलं. मी पगाराचं विचारलं तर म्हणाल्या, "पगाराचं नंतर बघा. पहिली तीन वर्षं घरात पोरांजवळ कोण असणार, ते आधी बघा."

हा प्रश्न मी घरात कधी मोकळेपणाने विचारलाच नव्हता. त्या रात्री जेवणं झाल्यावर विचारला. ह्यांनी लगेच काही उत्तर दिलं नाही. सासूबाई भांडी विसळत होत्या, तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "लांब लागली तर पहिलं वर्ष मी धाकट्याला घेऊन तुझ्याबरोबर राहीन. थोरलीची शाळा मोडायची नाही." भरतीच्या अर्जात सातारा, सांगली, कोल्हापूर एवढेच जिल्हे भरायचे, हेही तेव्हाच ठरलं.

आणखी एक सांगायलाच हवं. ह्यांची रविवारी कामाची पाळी असली की मी थोरलीला सोबत न्यायचे. कोणी कधी नाक मुरडलं नाही. ऑफिसमधल्या मॅडम तिला पाठकोरे कागद आणि रंग द्यायच्या, खोली भरल्यावर स्वतःच्या टेबलाशी बसवायच्या.

२३ नोव्हेंबरला पेपर दिला, बरा गेला. हे लिहिताना निकाल यायचाय. टेटसाठी इथेच नाव घालणार आहे. मात्र पहिला हप्ता देण्याआधी एका खोलीत किती जण बसवणार, ते लिहून मागणार आहे.