.३०८ की .३०-०६: एकाच रायफलने हरीण आणि एल्क दोन्ही करायचे असतील तर

अमेरिकेत पहिली शिकारी रायफल घेणाऱ्याला पुष्कळ जण थर्टी-ऑट-सिक्सच सुचवतात, म्हणजे .३०-०६ काडतुसाची रायफल. मी तिची तुलना जरा छोट्या .३०८ काडतुसाशी करतोय. कारण ठरलेलं असतं: ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात (ग्रेन हे गोळी तोलायचं छोटं माप). हलकी घाला, कोयोटी (कोल्ह्यासारखं जनावर) मारा. १५० ची घाला, हरीण. १८० ची घाला, एल्क (सांबराहून मोठं हरीण). २२० ची घाला, अस्वल. (गोळी म्हणजे इथे काडतुसाच्या तोंडावरचा धातू, अख्खं काडतूस नव्हे. मराठीत आपण दोन्हींना गोळीच म्हणतो आणि मग ग्रेनचा हिशेब चुकतो.)

यात खोटं काही नाही. १९०६ पासून हे काडतूस या सगळ्या जनावरांवर चाललेलं आहे. पण या सल्ल्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही: रायफल एका वेळी एकाच गोळीला झिरो असते, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी जुळवलेली असते. माझा निर्णय या एका कटकटीवर झाला, म्हणून आधी तीच सांगतो.

समजा सप्टेंबरात प्राँगहॉर्नसाठी (माळावरचं हरणासारखं जनावर) १५० ग्रेनवर रायफल २०० यार्डांना झिरो केली. म्हणजे १०० यार्डांवर छिद्र मध्यापासून पावणेदोन-दोन इंच वर पडतं. पुढच्या महिन्यात एल्कचं लायसन्स हातात आलं आणि १८० ग्रेनचा डबा उघडला. त्याच स्कोपवर (रायफलवरची दुर्बीण), त्याच टेबलावरून गोळ्या आता खाली बसतात. हेही चाललं असतं, पण त्या बऱ्याचदा आडव्याही सरकतात, कारण नळी प्रत्येक भाराला (गोळी आणि दारूच्या जोडीला) वेगळी थरथरते. किती आणि कुठे, हे कोष्टकात सापडत नाही, झाडूनच बघावं लागतं. तीन बार काढा, नळी दहा मिनिटं थंड होऊ द्या, क्लिक फिरवा (स्कोप एका क्लिकला कोनाच्या पाव मिनिटाने सरकत असेल तर १०० यार्डांवर इंचाला चार क्लिक), पुन्हा तीन, आणि खात्रीसाठी थंड नळीतून आणखी तीन. वीसच्या डब्यातली नऊ गेली. सीझन संपल्यावर परत १५० वर यायचं तर तोच खेळ उलट्या दिशेने.

त्यात शिशाच्या गोळीवरून सबंध तांब्याच्या गोळीवर जायचं असेल तर नळीतला जुना थर नीट काढून घ्यावा लागतो. नाहीतर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, उगाच फाकतो आणि माणूस दोष स्कोपला देतो. सगळ्यात वाईट म्हणजे खिशातली सरमिसळ. पाच उरलेली १५० ची, सात १८० ची, पितळ (काडतुसाचं कवच) सगळ्यांचं सारखंच. २५० यार्डांवर चुकलं की कारण शोधत बसा.

म्हणून माझं मत असं झालं की बहुउपयोगी काडतूस म्हणजे ज्याची एकच गोळी सगळ्या जनावरांवर चालते ते. कोलोरॅडो-वायोमिंगच्या बाजूला ती गोळी म्हणजे १६५ ग्रेनची बाँडेड, ज्यात शिसं आवरणाला चिकटवलेलं असतं. प्राँगहॉर्न आकाराने आपल्या चितळाएवढं, त्याच्या फासळ्यांतही ती उमलते. एल्क अंगापिंडाने सांबराला भारी, त्याच्या खांद्याच्या हाडावर साधी पातळ आवरणाची गोळी जवळून लागली तर आत जायच्या आधीच फुटते. ही तशी फुटत नाही.

आता ही एकच गोळी धरली की .३०-०६ ची निम्मी जाहिरात गळून पडते आणि तुलना सोपी होते. १६५ ग्रेन, कारखान्यातला भार: .३०-०६ मधून साधारण २,८०० फूट प्रतिसेकंद, .३०८ मधून २,७००. या गोळीचा वेग हवेत दर ५० यार्डांना जवळजवळ १०० फुटांनी उतरतो. म्हणजे .३०८ हे .३०-०६ च्या ५० यार्ड मागे चालतं, बस. थर्टी-ऑट-सिक्सवाला ३०० यार्डांवर जे करतो, ते .३०८ वाल्याला २५० वर करता येतं. २०० च्या झिरोवर ३०० यार्डांना दोघांच्या घसरणीत जेमतेम इंचाचा फरक पडतो. एल्कच्या फुप्फुसांच्या रुंदीपुढे तो काही नाही.

त्या ५० यार्डांच्या बदल्यात .३०८ काय देतं? एक म्हणजे छोटा बोल्ट, काडतूस भरायला हाताने मागे-पुढे ओढायचा तो. .३०-०६ चं काडतूस ८४.८ मिलिमीटर, .३०८ चं ७१.१. घाईत दुसरा बार भरताना लांब बोल्ट पूर्ण मागे ओढला गेला नाही की पुढचं काडतूस उचललंच जात नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर (नळीतली काडतूस बसायची जागा) बंद होतो आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज. सरावाने ही सवय जाते, हे मान्य. पण हातमोजे घालून, उतारावर बसून, एल्क झाडीत शिरत असताना तो चौदा मिलिमीटरचा फरक जाणवतो. दुसरं, २० इंची नळीतूनही .३०८ चं फारसं बिघडत नाही. .३०-०६ ला दारू जास्त, ती नीट जळायला २२-२४ इंच बरे. ॲस्पनच्या दाट रानात रायफल खांद्यावरून काढताना ते दोन-चार इंच फांद्यांत अडकतात.

तिसरं म्हणजे धक्का, बार काढताना खांद्यावर बसणारा. आठ पाउंडाच्या रायफलमध्ये .३०८ चा साधारण १८ फूट-पाउंड, .३०-०६ चा २०. कागदावर किरकोळ. टेबलावर बसून तिसाव्या काडतुसाला मात्र चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागतात. तपासायचं असेल तर मित्राला मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी काडतूस घालायला सांगा. त्या ‘टक्’ला नळी खाली डुचकली तर उत्तर मिळालं. अर्थात तुमची रायफल जड असेल, मागे चांगलं रबर असेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. दोन्ही रायफली एकाच टेबलावर असतील तर डबे वेगळे ठेवा. .३०८ चं काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये शिरतं आणि उडूही शकतं. पितळ फाटतं, गरम वायू कुठूनही बाहेर येतो.

.२७० विंचेस्टरचं काय? १९२५ चं, .३०-०६ च्याच घराण्यातलं. १३० ग्रेन ३,०६० फुटांनी जाते, उघड्या माळावर प्राँगहॉर्नसाठी या सगळ्यांत सरळ. तुमची शिकार मुख्यतः माळावरचीच असेल तर मी वाद घालणार नाही, तेच घ्या. एल्कसाठी १४० किंवा १५० वर जावंसं वाटतं आणि तिथे माझी झिरोची कटकट परत सुरू होते. ६.५ क्रीडमोर २००७ पासून आलं आणि त्याचा धक्का खरोखर गोड आहे, साधारण बारा-तेरा. घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा पहिला सीझन करणार असेल तर मी आधी त्याकडेच बघेन. फक्त डबा वाचून घ्या. ‘मॅच’ लिहिलेली गोळी कागदासाठी असते. ती हरणाच्या आत काय करेल याचा भरवसा नाही, आणि दुकानात दोन्ही डबे शेजारीशेजारी असतात. सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम ५०० यार्डांच्या गप्पांसाठी चांगलं.

कायद्याच्या बाजूने यांतलं काहीच अडत नाही. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड, काडतुसासाठी एवढीच अट. ती इथला प्रत्येक पर्याय सहज ओलांडतो. आपल्यातल्या पुष्कळांना अडणारा नियम वेगळाच आहे: एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स खिशात असल्याशिवाय काडतूस बाळगणंसुद्धा केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. हा क्रम बदलू नका.

.३०-०६ चं पारडं जड होतं अशा दोन जागा मला दिसतात. पहिली कॅलिफोर्निया. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंद. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते, .३०८ च्या छोट्या पितळात ती दारूची जागा खाते, म्हणून .३०८ मध्ये १५० ग्रेनचं तांबं घेतलेलं बरं. तांबं साधारण १,८०० ते २,००० फुटांच्या खाली नीट उमलत नाही. .३०८ मधून मी ते ३५० यार्डांच्या पुढे वापरणार नाही; .३०-०६ मधून १६५ चं तांबं ४०० पर्यंत चालावं. दुसरी जागा अलास्का. मूस (एल्कहूनही मोठं हरीण) आणि तपकिरी अस्वलाच्या मुलखात २०० किंवा २२० ग्रेनची लांब, जड गोळी हवी, आणि ती मोठ्या पितळातूनच शोभते.

या दोन्ही तुमच्या नसतील तर मी .३०८ कडे झुकतो. १६५ ग्रेन बाँडेड, झाकणावरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) एकच बघून पाच डबे. झिरोला आणि सरावाला मिळून तीन, उरलेले दोन नुसते शिकारीला. ते तीन-चार सीझन पुरतात. आणि घरात आधीच .३०-०६ असेल तर ती विकायला काढू नका. तिच्यासाठीही १६५ चेच पाच डबे घ्या आणि कपाटातले १५० नि १८० चे अर्धे डबे .३०-०६ वाल्या मित्राला देऊन टाका.