क्रॅक, पहिल्या दिवशी खरेदी की सेलची वाट: गेम घेण्याआधीचा हिशेब

बेळगावात पीसी असेंबल करून घेतला की बिल होता होता दुकानातून एक प्रश्न येतो: “गेम टाकून देऊ काय?” हो म्हटलं की एक्स्टर्नल डिस्क जोडली जाते आणि संध्याकाळपर्यंत दहा-बारा गेम आत, तेही क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेल्या फुकट कॉपी. नको म्हटलं तर उरतात दोन रस्ते: गेम आला त्या दिवशी पूर्ण किंमत मोजायची, नाहीतर सेलपर्यंत थांबायचं. टिळकवाडीत खोली घेऊन राहणारा विद्यार्थी असो की निपाणीत चार पीसींचा कॅफे टाकू बघणारा, निवड या तिघांतच आहे.

विक्री खरंच बुडते का?

इथं दोन्ही बाजूंचे लोक एकेक आकडा घट्ट धरून बसतात. फुकटवाल्यांचा आवडता आकडा युरोपियन कमिशनच्या अहवालातला. 3,60,000 युरो खर्चून करून घेतलेला हा अभ्यास 2015 मध्ये तयार झाला, पण लोकांपुढे आला 2017 मध्ये. गेमच्या बाबतीत पायरसीमुळे विक्री घटते याचा ठाम सांख्यिकी पुरावा त्यात सापडला नाही. उलट 100 बेकायदा डाउनलोडमागे 24 कायदेशीर व्यवहार जास्त होतात असा अंदाज निघाला. मात्र या अंदाजातली चूक-शक्यता मोठी आहे, आणि तेवढंच सांगायचं सगळे विसरतात.

कंपनीवाल्यांचा आकडा 2024 मधल्या विल्यम व्होल्कमन यांच्या अभ्यासातला. डेनुवो हे क्रॅक रोखणारं कुलूप लावलेले 86 गेम त्यांनी तपासले. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर कमाई सरासरी 20 टक्क्यांनी घटते. बारा आठवड्यांनंतर फुटलं तर नुकसान जवळपास शून्य.

दोन्ही आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिला सगळ्या काळातल्या, सगळ्या प्रकारच्या गेमबद्दल लोकांना विचारून काढला आहे. दुसरा मोठ्या गेमच्या सुरुवातीच्या आठवड्यांचा आहे. निर्णय घेणाऱ्यासाठी कामाची गोष्ट त्यांच्या मधे आहे: घाव पहिल्या काही आठवड्यांत बसतो. आणि तेच आठवडे किंमत सगळ्यात चढी असण्याचे. म्हणजे “पूर्ण किंमत परवडत नाही” हे कारण खरं असलं, तरी ते थांबण्याचं कारण आहे, क्रॅक टाकण्याचं नव्हे.

लहान स्टुडिओची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये ग्रीनहार्ट गेम्सच्या दोघा भावांनी आपल्या ‘गेम डेव्ह टायकून’ची एक आवृत्ती स्वतःच टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांना फाइल देतात तिथं, सोडली. पहिल्या दिवशी विकत घेणारे 214 निघाले, फुकट खेळणारे 3,104. फुकट आवृत्तीत खेळाडूची खेळातली कंपनी पायरसीमुळेच दिवाळखोरीत जायची, आणि काही बहाद्दर “यावर उपाय काय, कुलूप लावायची सोय कुठं आहे?” असं विचारत हिंडत होते. ते 3,104 जण सगळे गिऱ्हाईक झाले असते असं नाही. पण त्यांतल्या शंभरांनी जरी पैसे दिले असते तरी त्या दिवसाची विक्री जवळपास दीडपट झाली असती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला, तोही याच मापाच्या कंपनीचा. अशा गेमची क्रॅक कॉपी आणि शेकडो कोटींच्या गेमची क्रॅक कॉपी एका तागडीत घालता येत नाही. लहानाचा गेम एक तर विकत घ्या, नाहीतर सोडून द्या.

“कुणाचं काय कमी झालं?”

हा प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत विचारून बघावा. दुसऱ्याचं तयार कास्टिंग मातीत दाबून साचा काढला, तर त्याचं लोखंड ग्रॅमभरही कमी होत नाही. बुडते ती पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, बनवणाऱ्याची मजुरी. शिवाय बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं. पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा केलेला असतो, कास्टिंग नसतं. त्यामुळे नक्कल मापाला कमी भरते. क्रॅक गेमचंही असंच होतं. ज्या आवृत्तीवर तो फोडला तिथंच तो थिजतो. सुरुवातीचे बग, मधेच बंद पडणारं मिशन, पुढच्या पॅचमध्ये दुरुस्त झालेलं सगळं तुमच्याकडे मात्र जुनंच राहतं.

मशीनवर काय होतं

टॉरेंटवर मिळतो तो बहुधा रिपॅक, म्हणजे दाबून लहान केलेला गेम. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ला पीसीवर 150 जीबी जागा लागते. समजा रिपॅक 80 जीबीचा मिळाला, तर बसवताना दोन्ही मिळून 230 जीबी लागणार. 256 जीबीच्या एसएसडीवर विंडोज धरून ते मावत नाही. उलगडण्याचं काम प्रोसेसर आणि रॅमवर पडतं. 8 जीबी रॅमच्या मशीनवर तासन्‌तास जातात, आणि कधी शेवटी ‘unarc.dll’ची चूक दाखवून सगळं थांबतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात मधेच वीज गेली की पहिल्यापासून सुरू. विकत घेतलेला 150 जीबीचा गेम 30 एमबीपीएसवर सुमारे 11 तास घेतो, पण वीज आली की थांबला तिथून पुढे सरकतो, आणि बिघडलेल्या फाइल स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान स्वतः तपासून तेवढ्याच परत उतरवतो.

खरा धोका वेगळाच आहे. “अँटिव्हायरस बंद करून बसवा” ही सूचना रिपॅकसोबत इतकी रुळली आहे की कुणाला खटकत नाही. 2021 मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने उघड केलेला क्रॅकोनॉश हा घातक प्रोग्राम क्रॅक गेममधून 2,22,000 हून जास्त मशीनवर पोचला होता. तो पीसी सेफ मोडमध्ये नेऊन विंडोज डिफेंडर काढून टाकायचा. 2024 च्या अखेरीस कॅस्परस्कीला सापडलेल्या स्टारीडोब्री या तशाच हल्ल्याने ‘बीमएनजी ड्राइव्ह’, ‘गॅरीज मॉड’ असे गेम निवडले. किमान आठ कोअरचा प्रोसेसर असेल तरच तो तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो खणायला, म्हणजे दुसऱ्यासाठी आभासी चलन कमवायला बसायचा, आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच थांबायचा. म्हणजे तुम्ही बघायला गेलात की सगळं स्वच्छ! असा मायनर (क्रिप्टो खणणारा प्रोग्राम) दिवसाला 10 तास 60 वॉट जास्त ओढत असेल तर महिन्याला 18 युनिट फुकट गेली.

चौथा एक रस्ता टेलिग्रामवर विकला जातो: काहीशे रुपयांत ‘ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन’. विक्रेता एनीडेस्कने, म्हणजे लांबून दुसऱ्याचा पीसी चालवायच्या अ‍ॅपने, तुमच्या पीसीत शिरतो, स्वतःच्या खात्याने लॉगिन करतो, ऑफलाइन मोड लावून निघून जातो. डेनुवोची परवानगी त्या हार्डवेअरला बांधलेली असते. मोठा विंडोज अपडेट आला किंवा प्रोसेसर बदलला की ती गेली, आणि विक्रेता फोन उचलत नाही. यात पैसेही जातात, आणि अनोळखी माणसाच्या हाती आख्खा पीसी दिलेला असतो ते वेगळंच. तिन्ही रस्त्यांपेक्षा वाईट.

वाट बघायची तर कशी

स्टीमवर गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवला की सूट लागल्यावर मेल येतो. मोठे सेल जूनअखेर आणि डिसेंबरअखेर. किंमत रुपयांत असते, यूपीआय चालतं, त्यामुळे वडिलांचं क्रेडिट कार्ड मागायची गरज नाही. गेम तुमच्या मशीनवर अडखळत असेल तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. “चालतो का बघायला क्रॅक टाकला” ही सबब इथंच संपते. पहिला अर्धा तास ग्राफिक्स सेटिंगमध्ये घालवू नका, घड्याळ तेव्हाही चालू असतं. एका घरात राहणाऱ्या सहा जणांना स्टीम फॅमिलीत लायब्ररी वाटून घेता येते. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी फुकट गेम बदलतो: आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला.

कॅफेवाल्याचं गणित

कॉपीराइट कायदा 1957 केंद्राचा आहे, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे तोच. कलम 63ब नुसार बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून 50,000 पर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तासाला पैसे घेणाऱ्या कॅफेला ही पळवाट नाही. घरगुती खात्यावरचे गेमही गिऱ्हाइकाला देता येत नाहीत. त्यासाठी स्टीमची पीसी कॅफे योजना आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 मुळातच फुकट, गिऱ्हाईकही बहुतेक त्यासाठीच येतं.

पैसे देणाऱ्याची बाजू जिथं लंगडी पडते

युबिसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 ला ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, आणि पैसे देऊन घेतलेला गेम खेळणं थांबलं. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिलं. जो गेम कुणी विकतच नाही त्याच्या कॉपीने विक्री कशी बुडणार? कायदा तिथंही कॉपी करणाऱ्याच्या बाजूने नाही, पण नैतिक तक्रार करायला विक्रेत्याकडे फारसं उरत नाही. नवीन घेताना एवढं करा: तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात असेल तर तिथून घ्या, इन्स्टॉलर डिस्कवर उतरवून ठेवता येतो आणि कुलूप नसतं. स्टीमवरच घ्यायचा असेल तर गेमच्या पानावर उजव्या कडेला डेनुवोची किंवा वेगळं खातं लागण्याची सूचना लिहिलेली असते. पैसे भरण्याआधी ती वाचा.