नऊ महिने वापरलेला स्टँड, राखाडी पडदा आणि पाच फुटांचं अंतर

गेल्या जूनमध्ये दहावीच्या गणिताचे व्हिडिओ घरीच करायचे ठरवले आणि पहिला प्रश्न आला तो मागच्या भिंतीचा. कल्याणला आमचं वन बीएचके, हॉल १० बाय १४. भिंतीवर स्विचबोर्ड, कॅलेंडर, इन्व्हर्टरची वायर. मुलांची नजर गणितावर राहावी म्हणून ९ बाय ९ फुटांचा स्टँड आणि सोबत येणारा हिरवा पडदा ऑनलाइन मागवला. दोन्ही मिळून २,१०० रुपये. आठवड्याला तीन व्हिडिओ धरले तर आतापर्यंत शंभरावर रेकॉर्डिंग या स्टँडवर झाली आहेत, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

हिरव्या पडद्याने तीन आठवड्यांत नको केलं. हिरवाच रंग का वापरतात ते कळतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्याच्या दुप्पट हिरवे बिंदू असतात आणि आपल्या त्वचेत हिरवा फारसा नसतो, त्यामुळे तो रंग वेगळा काढून मागे हवं ते चित्र टाकता येतं. पण माझ्या हातात हिरव्या बांगड्या असतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्हिडिओ एडिट करून पाहिला, तर मनगट मधोमध तुटलेलं! बांगड्यांच्या जागी मागे टाकलेला वर्गाचा फोटो दिसत होता. रेकॉर्डिंगसाठी बांगड्या उतरवायला माझं मन तयार नव्हतं. शिवाय हनुवटीखाली आणि पांढऱ्या फळ्याच्या कडांना हिरवी झाक यायची, ती काढण्यात प्रत्येक व्हिडिओमागे पाऊण तास जायचा. ज्याला मागे खरोखर दुसरं चित्र हवंय त्यानेच हिरवा घ्यावा. नुसती स्वच्छ पार्श्वभूमी हवी असेल तर तो नकोच.

मग कापडाच्या दुकानात जाऊन पडद्याचं जाड राखाडी कापड आणलं, ५४ इंच पन्ह्याचं, साडेचार मीटर. सॅटिनसारखं चमकणारं मुद्दाम घेतलं नाही, त्यावर दिव्याचा पांढरा डाग उमटतो. दोन पन्हे जोडले की बरोबर ९ फूट होतात, पण जोड मधोमध आला तर शिलाईची उभी रेघ नेमकी डोक्यामागे येते. म्हणून शिंप्याकडून एक पन्हा अखंड मध्ये आणि दुसरा उभा चिरून अर्धा-अर्धा दोन्ही बाजूंना लावून घेतला. वर पाइप जाईल एवढा नेफा. सुरकुत्या फार पडत नाहीत, पडल्याच तर आदल्या रात्री पाणी शिंपडून टांगून ठेवते, सकाळी कापड सरळ झालेलं असतं.

तरीही पहिले व्हिडिओ पासपोर्ट फोटोसारखे दिसत होते, डोक्याची काळी सावली पडद्यावर. मी पडद्यापासून दीड फुटावर बसत होते. कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही, प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे आपण शाळेतच शिकतो. माझा दिवा माझ्यापासून ३ फुटांवर. पडदा दीड फूट मागे, म्हणजे दिव्यापासून साडेचार फूट, तेव्हा त्यावर चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा उजेड पडतो. तोच पडदा माझ्यामागे ५ फूट नेला की दिव्यापासून अंतर ८ फूट होतं आणि उजेड ढोबळमानाने सातवा हिस्सा उरतो. सोफा सरकवला आणि अंतर वाढवलं. त्या दिवशी तेच राखाडी कापड स्क्रीनवर गडद, मऊ कोळशासारखं दिसलं, सावली खाली जमिनीवर गेली आणि चेहरा पडद्यापासून सुटून पुढे आला. पैसा एकही लागला नाही. मला कुणी विचारलं तर पडद्याआधी मी खोलीची लांबीच मोजायला सांगते.

दिव्याबद्दल थोडं. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबवर बहुतेकदा ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेलं असतं, पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा. दोन्ही एकत्र लावले की गाल एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळट. रेकॉर्डिंगला मी फक्त एलईडी पॅनल ठेवते. सुरुवातीला पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, जिथे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येते, शटर १/५० सेकंदावर ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण लुकलुकी मावतात, आणि पट्टे गेले.

आता स्टँड. दोन बाजूंचे खांब भक्कम आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. आडवा पाइप मात्र चार तुकड्यांचा, जाड कापडाच्या वजनाने मधोमध वाकतो. मी तो खिडकीच्या रॉडला सुतळीने बांधून उचलून धरलाय. उंची घट्ट करायची प्लास्टिकची एक फिरकी तिसऱ्या महिन्यात तडकली. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही, शेवटी हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मिळाला. पायांवर वजन हवंच, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने सगळं पुढे झुकतं. प्रत्येक पायावर ५ किलो तांदळाची पिशवी ठेवते. पंखा तसाही बंदच, कारण कॉलर माइकमध्ये त्याचा आवाज येतो. म्हणून पहाटे साडेपाचची वेळ धरली आहे, भाजीवाल्याच्या आधीची. जाड कापडाने हॉलमधला घुमणारा आवाजही थोडा कमी झाला.

पावसाळ्यात घडी घालून कपाटात ठेवलेल्या हिरव्या पडद्यावर काळे ठिपके आले, ते धुऊनही गेले नाहीत. राखाडी पडद्याची घडी घालतच नाही. दुकानातून पुठ्ठ्याचा रिकामा रोल मागून आणला, त्यावर गुंडाळते.

गणपतीत हाच स्टँड मखरामागे उभा होता, त्यावर आईची जरीची साडी. दहा दिवस व्हिडिओ बंद होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, डेकोरेशनवाल्याने किती घेतले? पुढच्या वर्षी स्टँड त्यांना हवाय, पाचच दिवसांसाठी. मी हो म्हटलंय, फक्त सुतळी आणि तांदळाच्या पिशव्या त्यांनी स्वतःच्या आणायच्या.