बेदाण्याच्या शेडमध्ये सात महिने : एअरगनवरील डिजिटल नाइट व्हिजन स्कोपचा अनुभव

तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग असून तिच्या कडेला बेदाण्याची शेड आहे. शेडला लागून गोठा, गोठ्याला लागून मक्याची आणि भरड्याची खोली, आणि त्यापलीकडे ओढ्याचा बांध अशी रचना असल्यामुळे बांधातल्या बिळापासून मालापर्यंत येताना घुशींना आणि उंदरांना कोठेही उघड्यावर यावे लागत नाही. जानेवारीत रॅकवर माल पडला की एप्रिलपर्यंत आमची झोप या एका गोष्टीने उडते. उंदीर किती बेदाणा खातो हा प्रश्न गौण आहे. वाळलेल्या मालात चार लेंड्या दिसल्या तरी व्यापारी संपूर्ण ढिगाचा भाव पाडतो, आणि त्यात त्याची काही चूक आहे असे मला वाटत नाही, कारण ती खाण्याची वस्तू आहे.

त्याच कारणाने शेडमध्ये विष ठेवता येत नाही. झिंक फॉस्फाईडची पावडर खाद्यपदार्थाच्या आसपास नेण्याचा विचारही करू नये. ब्रोमाडिओलोनच्या वड्या आम्ही बांधाकडे वापरत होतो. परंतु त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरत राहतो आणि त्या अवस्थेत घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो. आमच्या जुन्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडांची जोडी राहते आणि ती जोडी आमच्यापेक्षा जास्त उंदीर मारते, म्हणून त्या वड्या मी बंद केल्या. सापळ्यात लहान उंदीर सापडत, पण जुनी घूस पिंजऱ्याला वळसा घालून जाई. शेवटी घरातल्या ०.१७७ इंची, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनवर अंधारात पाहू देणारा स्कोप, म्हणजे निशाणा धरायची दुर्बीण, बसवण्याचा निर्णय मी गेल्या नोव्हेंबरात घेतला.

पहिली खरेदी चुकली, आणि ती कशी चुकली हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. जाहिरातीत चारशे मीटरपर्यंत दिसते असे लिहिले होते आणि मी त्याच आकड्याला भुललो. आमच्या शेडची लांबी बावीस मीटर आहे आणि मी जेथे बसतो तेथून घूस सहा ते अठरा मीटरच्या आत असते. त्या स्कोपची मूळ मोठवण्याची क्षमता जवळजवळ सहापट होती आणि बारा मीटरच्या आतले चित्र कोणत्याही प्रकारे स्पष्ट होत नव्हते. क्रेटच्या मागून घूस बाहेर आली की पडद्यावर एक राखाडी डाग सरके, आणि तो डाग कोणत्या क्रेटजवळ आहे हे शोधायला मला डोळा काढून बाहेर पाहावे लागे, जेथे अर्थातच अंधार असे. दोनशेच्या आसपास छर्रे मारून झाल्यावर चित्रावर आडव्या रेषा येऊ लागल्या. विक्रेत्याने सांगितले की स्प्रिंगच्या बंदुकीवर लावल्यास हमी लागू होत नाही. ही अट पावतीच्या मागे बारीक अक्षरांत होती, परंतु मी कोणती बंदूक वापरतो हे विचारूनच त्याने तो स्कोप मला दिला होता, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दिसायला लहान असला तरी तो दोन दिशांचा असतो. पिस्टन पुढे झेपावताना बंदूक मागे ढकलली जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी हवेच्या गादीवर थांबताना ती पुढे झटकली जाते. मोठ्या रायफलचा जोरदार धक्का सहन करणारे स्कोपसुद्धा या उलट झटक्याने आतून सैल होतात. म्हणून घेण्यापूर्वी स्प्रिंग एअरगनसाठी चालतो असे निर्मात्याने स्वतः लेखी म्हटले आहे का, हे पाहावे. दुकानदाराच्या तोंडी होकाराला अर्थ नाही. हवेच्या टाकीवर चालणाऱ्या पीसीपी बंदुकीला हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

दुसरा स्कोप डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतला आणि आजचा अनुभव त्याचा आहे. मूळ क्षमता साडेतीनपट, जवळात जवळ पाच मीटरवर स्पष्ट दिसणारी पुढची काच, आणि दहा मीटरवर सुमारे दीड मीटर रुंदीचा भाग एका वेळी दिसतो. डिजिटल झूम आहे, पण मी तो वापरत नाही, कारण त्यात नवीन काही दिसत नाही, आहे तेच चित्र ताणले जाते आणि कडा फुटतात. आमच्या एअरगनच्या पाठीवर ११ मिलिमीटरची डोव्हटेल खाच आहे, तर स्कोपबरोबर आलेला पाया आडव्या खाचांच्या रुंद, पिकॅटिनी पट्टीसाठी होता, त्यामुळे मधला जोड वेगळा आणावा लागला. पहिल्या आठवड्यात धक्क्याने सगळा माउंट, म्हणजे स्कोप धरणारा पाया, मागे सरकत होता आणि रोज निशाणा बदलत होता. मागच्या बाजूला अडवणूक करणारी खीळ असलेला माउंट बसवल्यावर ते थांबले.

सर्वांत जास्त वेळ मला इन्फ्रारेड टॉर्च समजून घ्यायला लागला. डिजिटल स्कोप अंधारात स्वतःहून पाहत नाही. डोळ्याला न दिसणारा उजेड टॉर्च टाकतो आणि तो परत आला की कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. असा टॉर्च ८५० नॅनोमीटरचा किंवा ९४० नॅनोमीटरचा मिळतो. ८५० चा उजेड सेन्सरला चांगला दिसतो, पण टॉर्चच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा ठिपका दिसत नाही, पण सेन्सर त्याला कमी प्रतिसाद देतो, म्हणून पल्ला घटतो. आमच्याकडे कामाला असलेल्या शिवाप्पाने पहिल्याच रात्री विचारले, “अण्णा, त्यो लाल ठिपका कसला वो?” तो ठिपका माणसाला दिसला तरी घुशींनी त्याची दखल घेतल्याचे मला सात महिन्यांत एकदाही आढळले नाही. घुशी पावलांच्या आवाजाला आणि माणसाच्या वासाला घाबरतात. शेडच्या अंतरासाठी दोन्ही चालतील, मी ८५० च ठेवला.

खरी अडचण वेगळीच निघाली, ती म्हणजे उजेड जास्त होणे. शेडभोवती हिरवी जाळी असते, जवळच्या रॅकचे पांढरे दोर असतात आणि मळणीच्या दिवसांत हवेत धूळ तरंगत असते. टॉर्च पूर्ण ताकदीवर ठेवला की या जवळच्या वस्तू चमकून उठत आणि मागची घूस काळोखात बुडून जाई. मी टॉर्च सर्वांत खालच्या पातळीवर आणला, झोत रुंद केला, आणि तरीही जाळी पांढरी फटक दिसत होती म्हणून टॉर्चच्या काचेवर बटर पेपरचा गोल तुकडा चिकटवला. त्या रात्री प्रथमच शेडच्या टोकापर्यंतचा सिमेंटचा ओटा, त्यावर पडलेला एक सुटा बेदाणा आणि तो दोन्ही पुढच्या पायांत धरून कुरतडणारी घूस, तिच्या मिश्यांसह मला दिसली. टॉर्चची पातळी कमी-जास्त करता येत नसेल तर तो स्कोप शेडसाठी घेऊ नये, इतके ठामपणे मी म्हणेन.

निशाण्याबाबत एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर माझे बरेच छर्रे वाचले असते. डिजिटल स्कोप जाड असतो, त्यामुळे त्याची नजर नळीपेक्षा पाच-साडेपाच सेंटीमीटर उंच राहते. वीस मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर छर्रा नेमका खुणेवर लागेल अशी जुळवलेली बंदूक सहा मीटरवर अडीच-तीन सेंटीमीटर खाली मारते. छर्रा तेथे खाली पडलेला नसतो, तो अजून वर चढून नजरेच्या रेषेला पोचलेलाच नसतो. घुशीच्या डोक्याचा आकार पाहता तीन सेंटीमीटर म्हणजे चूक किंवा, त्याहून वाईट, जखमी जनावर. मी पुठ्ठ्यावर सहा, दहा, पंधरा आणि वीस मीटरचे निशाणे मारून फरक लिहून काढला आणि तो कागद बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवला. नंतर झिरो पंधरा मीटरवर आणला, कारण आमच्याकडे बहुतेक संधी त्याच्या आसपास मिळते. बंदूक टेकवण्यासाठी तुसाची मऊ पिशवी वापरतो आणि हाताची पकड सैल ठेवतो. स्प्रिंगची बंदूक लाकडावर घट्ट दाबून धरली तर निशाणा सरकतो.

घूस चालत असताना मी चाप ओढत नाही. कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो, त्यामुळे हलणारी वस्तू पुसट होते आणि पडद्यावर ती प्रत्यक्षापेक्षा किंचित मागे दिसते. ती खायला थांबेपर्यंत वाट पाहायची, मागे मातीचा बांध किंवा भुशाची पोती असल्याची खात्री करायची, आणि पत्रा, दगडी भिंत किंवा रॅकचा लोखंडी खांब मागे असेल तर सोडून द्यायची. पडद्यात फक्त दीड मीटरचा तुकडा दिसतो. त्याच्या बाहेर कोण उभे आहे हे तो दाखवत नाही. म्हणून मी बसतो त्या रात्री शेडमध्ये दुसऱ्या कोणीही यायचे नाही, असा घरात नियम आहे.

ओळख पटवणे हाही वेगळा अभ्यास आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग नसतो. सुरुवातीला चिचुंद्री आणि उंदराचे पिल्लू यांत माझी गल्लत होई. उंदराचे डोळे टॉर्चच्या उजेडात टपोरे चमकतात, चिचुंद्रीचे डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. तिचे नाक लांब, निमुळते आणि सतत हलणारे असते आणि ती भिंतीला घासून पळते. चिचुंद्री किडे खाते, तिला मारण्याचे कारण नाही. दोनदा बांधावर ससा दिसला. ससा, मोर, वानर, रानडुक्कर, घुबड या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि पिकाचे नुकसान होत असले तरी त्याचा मार्ग वनखात्याकडे जातो, एअरगनकडे नाही. बंदुकीबाबत सांगायचे तर शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा आणि ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. तरीही मी पावती जवळ ठेवतो आणि गावच्या पोलीस पाटलांना कल्पना देऊन ठेवली आहे, कारण रात्री दोन वाजता शेडमध्ये हालचाल दिसली की लोक साहजिकच चोर समजतात.

स्कोपमधल्या चित्रीकरणाचा उपयोग मी घेताना धरलाच नव्हता. जानेवारीतले सात-आठ रात्रींचे चित्रीकरण सलग पाहिल्यावर लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक घूस भरड्याच्या खोलीच्या कोपऱ्यातून, ठिबकची मुख्य नळी भिंतीतून जाते त्या भोकातून येत होती. ते भोक आम्ही रोज पाहत होतो आणि नळीने भरलेले आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात नळीखालची माती कोरून त्यांनी मुठीएवढी वाट केली होती. काचेचे तुकडे घालून सिमेंटने ते बुजवले. त्याआधी एका रात्रीत सहा-सात वेळा दिसणारी घूस त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा दिसू लागली. त्या पंधरवड्यात मी एकूण नऊ घुशी मारल्या होत्या आणि त्यांचा परिणाम या एका घमेलाभर सिमेंटपुढे किरकोळ होता. मेलेली घूस मी हातमोजे घालून उचलतो आणि खोल पुरतो, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

बॅटरी १८६५० प्रकारची, एकच. आठ तास चालते असे लिहिले आहे. टॉर्च कमी पातळीवर ठेवून मला साडेचार तास मिळतात, म्हणून एक जादा बॅटरी खिशात असते. पडद्याचा प्रकाश सर्वांत कमी ठेवावा, नाहीतर उजवा डोळा दिपतो आणि उठून चालताना पायरी दिसत नाही. डिसेंबरच्या थंडीत श्वासाची वाफ मागच्या काचेवर बसे; जूनच्या पावसात पुढची काच दमट होऊ लागली, तेव्हापासून स्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतो. सात महिन्यांत साडेसातशेच्या आसपास छर्रे झाले, निशाणा टिकून आहे आणि चित्रात दोष नाही. चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण मात्र मार्चमध्येच सैल झाले, आणि पावसाळ्यात त्यावर मी चिकटपट्टी लावतो.

कवठेमहांकाळला आमच्या मेहुण्यांचे हळदीचे गोदाम आहे. त्यांनी हाच स्कोप मागवू का म्हणून फोन केला, तेव्हा मी त्यांना नको म्हणालो. त्यांची बंदूक पीसीपी आहे, बसण्याची जागा माळ्यावर आहे, आणि उंदीर पस्तीस मीटरवरच्या भिंतीलगत दिसतात. तेथे साडेतीनपट कमी पडेल आणि मी नाकारलेला सहापटीचा स्कोप कदाचित बरोबर बसेल. त्यांना मी प्रथम टेप घेऊन गोदामातली अंतरे मोजायला सांगितली आहेत.